सालीतलं सत्त्व

रुचाने वेफर्सचा चुरा तिसऱ्यांदा तपासला आणि आकडा तोच आला. सोलानिन, म्हणजे हिरवट बटाट्यात आपसूक तयार होणारं विष, चालतं त्याच्या दुप्पट. यंत्राला कुणाची भीडभाड नसते.

केडगावच्या त्या लहानशा प्रयोगशाळेत मनकर्णाबाई सकाळपासून बाकावर बसून होत्या. मिरजगावात त्यांचा बचत गट उपवासाचे वेफर्स करायचा. गेल्या आठवड्यात ते खाऊन दोन पोरं ओकली आणि गटातल्या बायांनी सगळं खापर मनकर्णाबाईंवर फोडलं.

"पोरं बरी आहेत ना?" रुचाने विचारलं.

"हुंदडत्यात आता. बाया तेवढ्या माझ्याशी बोलत न्हाईत. माझ्या हाताला दोष हाय का, तेवढं सांगा."

"बटाटे हिरवे होते?"

"आठ दिस ओट्यावर उन्हात पडल्याले. हुते थोडे हिरवे."

"आणि साल काढली नाही?"

"न्हाई. दोन वर्सामागं शाळेत एक मॅडम आल्त्या शिकवायला. गटातनं मी एकलीच गेल्ते. म्हनल्या, साल फेकू नका, समदं सत्त्व सालीत असतंय. मीच मग बायांना शिकवलं. जरा कडू लागायचे, पर म्हनलं, गुनाचं हाय म्हनूनच कडू आसंल."

रुचाचा हात कागदावरच थांबला. मिरजगावची शाळा, फळ्यावर आपणच काढलेला बटाटा, सगळं लख्ख आठवलं. हिरवा बटाटा वापरू नका, हे वाक्य वहीत होतं. तेवढ्यात चहा आला, मग आभारप्रदर्शन झालं, आणि ते राहूनच गेलं. एका वाक्याने काय अडतंय, असं तेव्हा वाटलंही होतं. आता त्याच वाक्याने तिच्या काळजाला घरं पडत होती.

"दोष तुमचा नाही," ती कशीबशी म्हणाली. "त्या मॅडमचं चुकलं."

त्या मॅडम म्हणजे मीच, हे मात्र ओठांपर्यंत येऊन परत गेलं. तिने अहवालावर सही केली आणि मान वर न करताच तो पुढे सरकवला.

मनकर्णाबाईंनी कागदाची घडी घालून पिशवीत ठेवली. दारात चपला घालताना त्या थांबल्या.

"बायांना मी मॅडमचं नाव सांगितलं न्हाई. सांगनार बी न्हाई."

रुचाने वर पाहिलं.

"तवा तुमाला चष्मा नव्हता, ताई," त्या म्हणाल्या आणि एसटी गाठायला निघाल्या.