हळदीतला पेचकस

महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी सहाला शिट्टी वाजली, की रहिमतपुरातली ती अख्खी गल्ली कूस बदलून म्हणायची, "सुभेदाराची परेड सुरू झाली." फौजेतून रिटायर होऊन आकाराम सुभेदारांना सात वर्षं झाली होती. पण सुंभ जळला तरी पीळ जातोय थोडाच! एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात हातोडी, काखेत वही. गच्चीपासून फाटकापर्यंत घर तपासायचं. स्लॅबला ठोकून कान लावायचा, टाकीत वाकून बघायचं, नळ, बिजागऱ्या, लाइटचे बोर्ड, काही सोडायचं नाही. मुलगा जयराज आणि सून शिवांजली जांभया देत मागे उभी.

त्यांची बायको मनुबाई मात्र या परेडला कधी हसली नाही. रिटायर झाल्यावरचे पहिले तीन महिने तिच्या चांगले ध्यानात होते. उभा गडी दिवसभर खाटेवर पडून पंख्याकडे बघायचा. मग एकदा न्हाणीतला नळ गळायला लागला. सुभेदार उठले, नळ नीट केला आणि त्याच झटक्यात घरातले आणखी चार बिघाड शोधून काढले. त्या दिवशी ते तीन भाकरी जेवले. मनुबाईनं देवापुढं साखर ठेवली.

पण दर महिन्याला तपासलेलं घर बिघडणार तरी किती? गल्लीत दुसऱ्यांच्या स्लॅबचे पापुद्रे ताटात पडत होते, यांचं घर ठणठणीत. वर्षभरात वहीत लिहायला काही उरेना आणि सुभेदारांची नजर पुन्हा पंख्याकडे वळायला लागली. मग मनुबाईनं एक उद्योग सुरू केला. तपासणीच्या आदल्या दिवशी ती गुपचूप कुठलातरी एक स्क्रू ढिला करून ठेवायची. त्यासाठीचा पेचकस तिनं हळदीच्या मोठ्या बरणीत दडवला होता. हळदीत कोण कशाला हात घालतंय!

घरात दोनच जागा तपासणीतून सुटलेल्या होत्या. एक सुभेदारांची काळी ट्रंक. तिला कुणी हात लावायचा नाही. दुसरं मनुबाईचं स्वयंपाकघर. पहिल्याच वर्षी सुभेदारांनी तिचे सगळे डबे फरशीवर उंचीप्रमाणं रांगेत मांडले होते, तेव्हा ती लाटणं घेऊन दारात उभी राहिली होती. "ह्या उंबऱ्याच्या आत सुभेदारी चालायची न्हाई."

यंदा मात्र जयराजचं डोकं सटकलं. तो शिरवळच्या कंपनीत मशिनी तपासायचं काम करायचा, आणि सुट्टीच्या दिवशीही बापानं तेच लावलेलं. "आबा, ह्या रविवारी काय सापडलं न्हाई, तर वही बंद. कायमची. कबूल?"

"कबूल. फौजीचा शब्द हाय," सुभेदार म्हणाले.

मनुबाईनं शनिवारी सकाळीच न्हाणीच्या कडीचा स्क्रू ढिला केला. पण जयराज बापाचाच लेक. रजा काढून तो सकाळभर पान्हा-पेचकस घेऊन फिरला आणि घरातला स्क्रू न् स्क्रू आवळून टाकला, आईचासुद्धा. आता राहिलं होतं ते एकटं स्वयंपाकघर.

दुपारी घर सामसूम झाल्यावर तिनं पेचकस काढला. ओट्याखालच्या दाराची बिजागरी सैल करावी आणि उद्या नवऱ्याला आत बोलवावं, असा बेत. बिजागरीपर्यंत हात पोचावा म्हणून तिनं सिलिंडर बाजूला ओढला, तर काय! गॅसची नारंगी नळी उंदरानं कुरतडली होती. आठ दिवस कसलातरी वास येत होता आणि ती कांदा कुजलाय म्हणून टोपली उपसत होती!

तिनं झटकन रेग्युलेटर बंद केला, दारं-खिडक्या उघडल्या. नवी नळी दुकानातून आणायला असा किती वेळ लागला असता! झाकली मूठ सव्वा लाखाची. सापडली तर सून काय म्हणेल? जगाला स्वच्छता शिकवणाऱ्या सासूच्या ओट्याखाली उंदीर! मनुबाईला खरोखर लाज वाटली. पण डोळ्यांपुढं तो पंखा फिरायला लागला. तिनं नळी तशीच ठेवली आणि संध्याकाळचा स्वयंपाक परसातल्या चुलीवर केला.

रविवारी दोन तास तपासणी चालली. काही म्हणता काही सापडेना. जयराजनं हसत वहीसाठी हात पुढं केला.

"आवं, सैपाकघर ऱ्हायलंय की," मनुबाई म्हणाली.

सगळे तिच्याकडं बघतच राहिले. सुभेदारांनी उंबऱ्याबाहेर चपला काढल्या. "येऊ का?" त्यांनी विचारलं. सिलिंडर सरकवला, बॅटरी मारली आणि कुरतडलेली नळी बोटानं उचलून सगळ्यांना दाखवली.

"आत्या, मी रोज सकाळी हितंच लायटर मारती," शिवांजली सासूकडं बघत हळूच म्हणाली. "आबा," जयराज म्हणाला, "पाचला वाजवायची तर पाचला वाजवा शिट्टी." आणि लगेच बायकोला घेऊन नळी आणायला गेला.

दोघंच उरल्यावर सुभेदार म्हणाले, "रेग्युलेटर आधीच बंद हुता. तुला ठावं हुतं."

मनुबाई ओट्यावरची भांडी उगाच हलवायला लागली.

"आन् सा वर्सं मी जे स्क्रू आवळतोय, त्यावर हळदीची बोटं आस्त्यात."

"आगं बया! मग बोलला न्हाईसा कवा?"

"बोललो आस्तो तर तू थांबली आस्तीस." त्यांनी बॅटरी विझवली. "माज्यासाठी कुणीतरी येवढा खटाटोप करतंय, म्हनून तर सकाळी उठायचो."

मनुबाईनं पदरानं डोळे पुसले. मग नाक पुसता पुसता तिला काहीतरी सुचलं. "पर म्या म्हंते, ह्यो उंदीर ऱ्हातो कुठं? समदं घर तर तुमी तपासलंया."

सुभेदारांनी गडबडीनं बाहेरच्या खोलीकडं बघितलं. "ट्रंकंत न्हाई हां. ट्रंकंला हात लावायचा न्हाई."

मनुबाईनं त्यांच्या गळ्यातली शिट्टी ओढून घेतली आणि जीव खाऊन फुंकली. गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. ट्रंकेचा तळ कोपऱ्यात गंजून गेला होता. झाकण उघडलं, तर सुभेदारांच्या लोकरी कोटाचं मऊसूत घरटं करून उंदरीण पाच पिल्लांसकट झोपली होती.

सुभेदार सावधानमध्ये उभे राहिले. मनुबाईनं वही उघडली, पेनचं टोपण दातानं काढलं आणि विचारलं, "नाव सांगा. हुद्दा पन."