खसखशीएवढं कवच

पारेहुइयाने रागारागाने सुई उचलली.

सूक्ष्मदर्शकाखाली एकच कवच होतं. कधीच नामशेष झालेल्या एका समुद्री जिवाचं, खसखशीच्या दाण्याएवढं. असलं कवच फक्त जुन्या, घट्ट थरात सापडतं. ते टेकडीच्या मातीत सापडलं, म्हणजे टेकडीखालचा थर जुना आणि भरवशाचा, वर माओरी कुटुंबांसाठी तीस घरं बांधायला हरकत नाही, असा अहवाल तिच्या भाच्याने, तामिहानाने, लिहून ठेवला होता. फक्त तिची सही राहिली होती.

पण ती टेकडी लहानपणापासून तिच्या पायाखालची होती. जरा पाऊस झाला की तिथला चिखल सरकतो आणि कुंपणंच्या कुंपणं खाली येतात. शिवाय बाकीचे सगळे कण करडे, आणि हे एकटंच नवरीसारखं गोरंपान.

"तामिहाना, हे कशाने धुतलंस?"

"पाण्याने. आणखी कशाने?"

"माझ्यासमोर थापा मारू नकोस. चाळणी कशी धरायची हे तुला मी शिकवलंय."

पूर्व किनाऱ्यावरच्या त्या छोट्या प्रयोगशाळेत एक रीत होती. नमुना चाळून झाला की चाळणी घासायची आणि निळ्या रंगात बुडवायची. जाळीत मागचा एखादा कण अडकून राहिलाच, तर तो निळा होतो. पुढच्या नमुन्यात निळा कण दिसला की उचलायचा आणि फेकून द्यायचा. शेंबड्या पोरालाही जमेल इतकं साधं काम.

"आत्या, ते एकच आहे गं. फोडलंस तर पुरावाच जाईल."

"कसला पुरावा, तेच बघायचंय मला."

तिने सुई दाबली. कवच फुटलं. बाहेरून पांढरं, पण आतल्या कप्प्यांत निळा रंग तसाच बसलेला.

"ब्लीच," ती म्हणाली. मग ओरडलीच. "ब्लीचमध्ये बुडवलंस, मेल्या? झोपलेल्या पोरांच्या अंगावर टेकडी आली असती म्हणजे?"

तामिहानाही उसळला. "आणि आत्ता कुठे झोपतात ती? तुझी स्वतःची मुलगी तीन पोरांना घेऊन तुझ्या गॅरेजमध्ये राहतेय! घरांच्या यादीत पहिलं नाव तिचं, हिनेवाईचंच आहे. कौन्सिलने दुसरी जागा दाखवलीय का कुठे? ही नाही म्हटलं की विषय संपला!"

हे तिला झोंबलं, कारण ते खरं होतं. धाकट्या नातवाचा खोकला गॅरेजच्या ओलीमुळे जात नव्हता.

"हे कवच आलं कुठून?" तिने विचारलं. "याच्या आधी कुठला नमुना चाळला होतास?"

त्याने चाळणी बाजूला सरकवली. मग पुटपुटला, "गोल्फच्या मैदानातला. क्लबला नवी इमारत बांधायचीय."

पारेहुइयाने सुई टेबलावर आपटली. ती सपाट जमीन मुळात तिच्याच घराण्याची होती. रस्त्यासाठी म्हणून सरकारने ती तिच्या आजोबांकडून घेतली, रस्ता भलतीकडूनच गेला, आणि परत द्यायच्या ऐवजी जमीन क्लबला मिळाली. त्यांच्या चेंडूंना घट्ट खडक आणि आमच्या पोरांना सरकता चिखल! तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्याचाही तिला संताप आला.

"फाड तो अहवाल," ती म्हणाली. "नवा लिही. टेकडीवर एकही घर नको. घरं गोल्फच्या मैदानावर बांधा."

"डोकं फिरलंय का तुझं? कोण देणार ती जमीन? हसतील आपल्याला."

"हसू देत."

"आणि हिनेवाईला कोण सांगणार?"

"मी सांगेन. शिव्या घालेल, त्याही ऐकून घेईन. तू लिही."

तो मान खाली घालून टाइप करू लागला. पारेहुइया त्याच्या मागे उभी राहिली.

"गोल्फच्या मैदानाखालच्या थराचं वय सुमारे पन्नास लाख वर्षं," त्याने वाचून दाखवलं. "झालं?"

"नाही झालं. जमीन आपल्याकडून कुठल्या वर्षी घेतली, तेही खाली घाल."