मोरपंखी कोपरा

चिंतामणी कर्णिकांना पगार मिळायचा तो वस्तू खराब करण्याचा, आणि स्वभाव होता वस्तू जपण्याचा. या दोन गोष्टींची त्यांनी कधी गाठ पडू दिली नाही. आनंदनगरातल्या त्यांच्या कंपनीचं गेट ही दोन्हींमधली हद्द.

गेटच्या आत ते तपासणी विभागाचे प्रमुख. कंपनी मोबाईलच्या फ्रेमला, म्हणजे फोनच्या कडेनं जी धातूची पट्टी फिरते तिला, रंगीत लेप चढवायची. तो लेप किती टिकतो हे बघण्यासाठी कर्णिक दिवसभर त्याचा रीतसर छळ करत. मिठाच्या धुक्यात कोंडत, जीन्सच्या कापडानं घासत, किल्ल्या आणि नाण्यांबरोबर पिंपात घालून गरगर फिरवत, आणि कृत्रिम घामात बुडवून ठेवत. हा घाम बाटलीतून विकत यायचा. मे महिन्यात पत्र्याखाली माणसं निथळत असताना घामाचं बिल मंजूर करायचं, म्हणून अकाउंट्सचे हरिचंद्र दरवर्षी एकदा कर्णिकांकडे टक लावून बघत आणि सही करत.

गेटच्या बाहेर, कुळगावातल्या घरी, टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत होता. पिशवीला रबरबँड. फ्रिजच्या हँडलला क्रोशाचं झबलं. सोफ्याच्या मूळ कापडाचा रंग कर्णिक आणि दुकानदार सोडून कोणी पाहिलेला नव्हता. कुमुदिनीबाईंनी तव्याला चुकून स्टीलचा कालथा लावला की आतल्या खोलीतून हाक यायची, "लाकडी! लाकडी!" माणूस झोपेत असला तरी यायची.

तर कर्णिकांनी एक रंग बनवला होता. मोरपंखी. उन्हात निळा, ट्यूबलाइटखाली हिरवा. निवृत्तीच्या आधी आपल्या हातून एक तरी रंग बाजारात जावा एवढीच त्यांची इच्छा होती, आणि ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती, म्हणून सगळ्या कंपनीला माहीत होती. एका फोन कंपनीला तो रंग आवडला. प्रयोगशाळेतल्या सगळ्या चाचण्या तो पास झाला. पण त्यांची एक अट होती. मोरपंखी फ्रेमचे चालू फोन कर्मचाऱ्यांना वाटा, वर्षभर घरच्यासारखे वापरू द्या, मग परत घ्या आणि आम्हाला दाखवा. ऑर्डर मिळाली तर नवी लाइन टाकायची आणि पॅकिंगमधल्या कंत्राटी बायकांना कायम करायचं, असं मालक प्रीतमशेठ लालवानी सगळ्यांसमोर बोलून बसले होते.

नोटीस कर्णिकांनी स्वतः टाइप केली. 'फोन बिनकव्हर, बिनधास्त वापरावा. पडल्यास, घासल्यास, भिजल्यास हरकत नाही.' मग खाली बरीच जागा उरली. रिकामी जागा बघून सवयीनं त्यांची बोटं चालली: 'फोनचे काही नुकसान झाल्यास त्याची सर्वस्वी जबाबदारी वापरणाऱ्याची राहील.' सही, शिक्का.

दसऱ्यानंतर फोन परत आले.

टेबलावर ते रांगेनं मांडले तेव्हा कर्णिकांना प्रथम वाटलं, चुकून नवा माल आला. एका फोनवरची प्लॅस्टिकची फिल्मही अजून काढलेली नव्हती. प्लेटिंगच्या महिपतीचा फोन मखमली डबीत होता. "मुलीच्या लग्नात रुखवतात ठेवला होता, साहेब. अनारशांच्या शेजारी. सगळ्यांनी विचारलं, कुठला म्हणून." हरिचंद्रांच्या फोनवर हळदकुंकू होतं. खंडेनवमीला पुजला होता. एरवी कपाटात.

पॅकिंगच्या अंजना सोनावणेनं स्टीलचा डबा उघडला. आत रुमाल, रुमालात फोन. स्वतःचा जुना फोन, रबर लावून बांधलेला, तिच्या हातात होता.

"अंजनाताई, वापरायला दिला होता ना?"

"वापरला ना साहेब. दर रविवारी चालू करून बघायचे."

"आणि बाकीचे दिवस?"

"खाली काय लिवलंवतं तुम्ही? नुकसान झाल्यास." तिनं बोटानं हवेत ओळ दाखवली. "कायम व्हायच्या टायमाला कोण घेईल ओरखडा डोक्यावर?"

कर्णिकांनी नोटीस काढून खालची ओळ स्वतः वाचली. सही त्यांचीच होती.

दुपारी फोन कंपनीच्या शलाका मॅडम पुण्याहून आल्या. वय तिशीचं, गळ्यात भिंग. त्यांनी एकेक फोन उचलला, कडा बघितल्या, खाली ठेवला. हरिचंद्रांच्या फोनच्या चार्जिंगच्या भोकातून थोडी हळद टेबलावर पडली.

"सर, हे फोन वापरलेत की पुजलेत?"

"दोन्ही," हरिचंद्र म्हणाले.

"मला सोमवारी एक तरी खरा वापरलेला फोन पाहिजे. नाहीतर मी वर काय सांगू? वर्षभर कपाटात ठेवला तर रंग टिकतो?"

मॅडम गेल्यावर प्रीतमशेठ बराच वेळ टेबलाभोवती फिरले. "कर्णिकसाब, साल भर में एक भी आदमी के हाथ से फोन गिरा नहीं? ये इंडिया है या म्युझियम? मेरा पोता दिन में चार बार गिराता है!"

"मग त्यालाच द्यायचा होता, शेठ."

"उसको दूँ? कंपनी का फोन?" शेठ खरोखर दचकले. "तोड डालता!" मग आवाज खाली आणून म्हणाले, "सुनो. ड्रम में डालो. दोन तासात एक वर्ष जुना. कोण बघतंय?"

"ती बघेल. ड्रम सगळीकडून सारखं घासतो. माणूस तसं घासत नाही, शेठ. माणसाचं एकाच जागी जातं."

"तो फिर?"

"माझ्याकडे एक आहे," कर्णिक म्हणाले, पण आवाजात दम नव्हता. त्यांच्या वाट्याचा फोन त्यांनी कुमुदिनीबाईंना दिला होता. देताना 'जपून' म्हणाले होते. आणि परत मागितल्यापासून त्या 'उद्या देते, फोटो काढून घ्यायचेत' म्हणत होत्या. एवढा जपलेला फोन की हातातून सुटत नाही, असा कर्णिकांचा समज होता.

संध्याकाळी ते घरी आले. कुमुदिनीबाई कोकमाचं सार उकळत होत्या.

"कुमुद, तो फोन दे. आजच."

त्यांनी हात पुसले आणि फोन आणला. काळं जाड कव्हर.

"कव्हर घातलंस?" कर्णिक मटकन खुर्चीत बसले. "तूसुद्धा?"

"कालच घातलं."

"कालच?"

कुमुदिनीबाई साराकडे बघायला गेल्या. साराला बघण्यासारखं काही झालं नव्हतं. कर्णिकांनी कव्हर काढलं, फोन ट्यूबलाइटखाली धरला. फ्रेम हिरवी दिसली. खालचा डावा कोपरा मात्र निळाच राहिला. त्यांनी नखानं टोकरलं. कोपऱ्यावरून एक पातळ पापुद्रा निघाला आणि खाली पांढरं ॲल्युमिनियम चमकलं.

"कुमुद, ही नेलपेंट आहे."

"जुळलीय ना पण?" आतून आवाज आला. "उल्हासनगरला जाऊन आणली. फोन बाटल्यांना लावून लावून बघितला. दुकानातला सिंधी पोरगा म्हणाला, आंटी, नखं दाखवा, फोनला काय लावताय."

"हा रंग जमायला मला दोन पावसाळे गेले."

"मला एक रिक्षा."

मग त्या बाहेर आल्या आणि पदर चाळवत उभ्या राहिल्या, जशा फुटलेल्या बरणीशेजारी उभ्या राहायच्या. "ओरडायचं असेल तर ओरडून घ्या. सार उतू जाईल."

"कसा गेला रंग?"

"वापरून."

"म्हणजे कसा?"

"म्हणजे काय? तुम्ही कंपनीत गेलात की ओट्यावर खलबत्त्याला टेकवून उभा करायचा. आपल्या हिमानीशी बोलायचं, रेसिपी बघायची, कीर्तन ऐकायचं. घसरला की परत उभा करायचा. ओटा ग्रॅनाइटचा. हाताला चिंच असते, मीठ असतं, कधी भांड्याची पावडर. भाजी आणायला गेले की पिशवीत, किल्ल्यांबरोबर. भिशीच्या बायकांबरोबर बारवी धरणाला गेलो तेव्हा खडकावर ठेवून व्हिडिओ काढला. सगळ्याजणी दिसाव्यात म्हणून."

"पडला?"

"पडला."

"किती वेळा?"

"ते मोजायचं असतं का?"

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही ओरडला असतात."

"मी कधी ओरडलो?"

भिंतीवर टांगलेला तवा आणि त्याच्या शेजारचा लाकडी कालथा दोघेही गप्प राहिले.

कर्णिकांनी खिशातून भिंग काढलं. कोपरा बघितला. मग बाकीच्या तीन बाजू बघितल्या. त्यांचा चेहरा असा उजळला की कुमुदिनीबाईंनी आधी गॅस बंद केला आणि मग विचारलं, "बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

"अप्रतिम!" कर्णिक म्हणाले. "अगं, काय सुंदर घालवलायस! इकडे ये, बघ. हा कोपरा ओट्यावर घासला, इथे गेला. पण ही कड बघ. मीठ, चिंच, किल्ल्या, बारवीचा खडक, आणि रंग जागचा हललेला नाही! मशीनला वर्षभर सांगितलं असतं तरी असं जमलं नसतं."

संसाराच्या एवढ्या वर्षांत वस्तू खराब केल्याबद्दल कुमुदिनीबाईंचं हे पहिलंच कौतुक. ते कुठे ठेवावं हे त्यांना कळेना. "मग झालं का काम तुमचं?"

"झालं. सोमवारी देतो. कोपरा कापतील आणि मायक्रोस्कोपखाली लेपाची जाडी बघतील."

"कापतील?"

"कापावाच लागतो."

कुमुदिनीबाई खुर्चीवर टेकल्या. सोफ्यावर कोणी बसत नसे. "माझा फोन?"

"नवा मिळेल. सोमवारीच मिळेल. शेठना सांगतो."

"नवा नको हो." त्या फोनचा उघडा कोपरा अंगठ्यानं चोळत राहिल्या. "नवा आला की परत सुरू. इथे ठेवू नको, तिथे ठेवू नको. याच्यावर पहिला ओरखडा पडला त्या दिवशी मी जेवले नव्हते, माहितेय? दुसरा पडला तेव्हा वाटलं, सुटले. या घरात एवढी एकच वस्तू मला न घाबरता हातात घेता येत होती."

सार निवत होतं. कर्णिकांनी भिंग पुसून खिशात ठेवलं. लेपाविषयी त्यांना बरंच बोलता आलं असतं.

रविवारी कर्णिकांनी अंजनाच्या डब्यातल्या फोनची गोष्ट घरी सांगितली, आणि फोन देऊ नये असंही त्यांना दोनदा वाटून गेलं. सोमवारी सकाळी डब्याच्या पिशवीत फोन होता. कुमुदिनीबाईंनी तो फडक्यानं पुसून, नेलपेंट काढून, स्वतःच ठेवला होता. "अंजनाचं कायम व्हायचंय ना," एवढंच म्हणाल्या.

शलाका मॅडमनी अहवाल मोठ्यानं वाचला. "वापरणारी व्यक्ती: गृहिणी. वातावरण: चिंच, कोकम, मीठ, भांड्याची पावडर, ग्रॅनाइट, खलबत्ता, किल्ल्या, धरणाचा खडक. पडणे: मोजलेले नाही." त्या थांबल्या. "सर, हा कोपरा तर नापास आहे. आणि नापास असं तुम्हीच लिहिलंय."

"आहेच नापास. टोकाला लेप पातळ बसतो. टोक थोडं गोल करावं लागेल. बाकी कड बघा."

त्यांनी बाकी कड बघितली. बराच वेळ बघितली. मग भिंग खाली सोडून म्हणाल्या, "टोक गोल करा. आधी छोटी ऑर्डर पाठवते. पुढची फील्ड टेस्ट मात्र सगळ्यांची अशी पाहिजे."

प्रीतमशेठनी मॅडमच्या पाठीमागे हात जोडले आणि कर्णिकांच्या कानात म्हणाले, "भाभीजी को क्वालिटी में ले लो, साईं. तुम घर बैठो."

छोट्या ऑर्डरीला लाइनही छोटीच लागते. पॅकिंगमधल्या काहीजणी कायम होणार असं ठरलं. अंजनाचं नाव पहिलं होतं. दुसऱ्या चाचणीचा फोन घ्यायला ती आली तेव्हा तिनं नोटीस आधी खालून वाचली. खाली काहीच नव्हतं. तिनं कागद उलटून मागची बाजूही बघितली.

"साहेब, टायपिंग राहिलंय का?"

"नाही. एवढंच आहे."

"मग ठीकाय," ती म्हणाली. फोन रुमालात न गुंडाळता तिनं तो पर्समध्ये टाकला, आणि दारापर्यंत जाऊन पर्सची चेन दोनदा तपासली.

कर्णिक नवा फोन घेऊन घरी आले. तोही मोरपंखी, टोकं किंचित गोल. कुमुदिनीबाईंनी खोका उघडला, फोन दोन बोटांत धरला, 'छान आहे हो' म्हणाल्या, आणि खणात प्लॅस्टिकची पिशवी शोधायला लागल्या. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. आता सांगावं लागत नव्हतं.

कर्णिकांनी फोन उचलला. कपाटाला लटकणारी किल्ली काढली. कंपनीत त्यांनी उभ्या आयुष्यात अगणित फ्रेमी ओरबाडल्या होत्या. घरात आजवर एकही नाही. दात आवळून त्यांनी खालच्या डाव्या कोपऱ्यावर किल्ली टेकवली आणि ओढली. कर्र असा आवाज झाला.

"अहो!" कुमुदिनीबाई किंचाळल्या. "नवा होता तो!"

"होता," कर्णिक म्हणाले. "घे. आता वापर."

त्यांनी फोन घेतला. ओरखड्यावरून अंगठा फिरवला. नवऱ्याकडे बघितलं, त्याच्या हातातल्या किल्लीकडे बघितलं. मग पिशवी खणात टाकून खण ढकलला, आणि ओट्यावर खलबत्त्याला टेकवून फोन उभा केला.

थोड्या वेळानं मुलीचा, हिमानीचा, आवाज स्वयंपाकघरातून बाहेर येऊ लागला. आई हसत होती, काहीतरी किल्लीचं सांगत होती. मध्येच फोन घसरल्याचा आवाज आला. कर्णिक अर्धे उठले, 'लाकडी'तला 'ला' तोंडातून निघाला, आणि ते परत बसले. बातम्या ऐकू येईनात म्हणून त्यांनी रिमोट घेतला आणि पिशवीवरूनच बटण दाबून टीव्हीचा आवाज वाढवला.