मंगळवारी नेलेली फाइल

आधीच सांगते, चूक माझी होती. पण जेवढी माझी तेवढीच. बाकीची माझ्या गळ्यात मारली, आणि ती कोणी मारली हे ऐकाल तर तुम्हीही कपाळावर हात मारून घ्याल.

सव्वीस वर्षं मी गोपनीय दप्तर सांभाळलं. तळमजल्यावरची एक खोली, खिडकीला जाळी, सात लोखंडी कपाटं, एक टेबल आणि एक जाडजूड रजिस्टर. देशाच्या सुरक्षेच्या फायली तिथे असायच्या. नियम साधा. फाइल घेणाऱ्याने तारीख-वेळ टाकून सही करायची आणि मगच खोलीबाहेर पडायचं. कारकून असो नाहीतर खात्याचा प्रमुख. भल्याभल्यांना मी दारातून परत पाठवलंय. पाठीमागे मला ‘कुलूप’ म्हणायचे, ते मला माहीत होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

सूट होती ती एकाच माणसाला. सल्लागार साहेब. सुरक्षेच्या बाबतीत सरकार त्यांच्या शब्दाबाहेर नसायचं. “ताई, आत्ता घाईत आहे, शुक्रवारी एकदम सह्या करतो,” असं ते अकरा वर्षांपूर्वी पहिल्यांदा म्हणाले आणि मी पाघळले. मग तो रिवाजच पडला. आठवडाभर ते फायली न्यायचे, मी ओळ लिहून सहीची जागा कोरी ठेवायची. शुक्रवारी चारला स्वतः खाली यायचे, माझ्या टेबलापाशी चहा घ्यायचे आणि भराभर सह्या करायचे. एवढा मोठा माणूस, पण माझ्या नवऱ्याच्या गुडघ्याची चौकशी केल्याशिवाय उठायचा नाही. माझ्या धाकट्या भावाला त्यांनी गाडीवर ड्रायव्हर म्हणून लावून घेतलं तेही माझ्या एका शब्दावर. त्याला आम्ही छोट्या म्हणतो. चव्वेचाळीस वर्षांचा घोडा झालाय, तरी छोट्याच. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता, मीच वाढवलंय त्याला.

तर त्या मंगळवारी साहेबांनी यादीची फाइल मागितली. परमुलखात आपल्यासाठी गुपचूप काम करणाऱ्यांची खरी नावं तिच्यात होती. ती इमारतीबाहेर न्यायचीच नसते. मी म्हटलं, “साहेब, ही तरी इथेच बसून वाचा.”

ते हसले. “ताई, माझ्यावर विश्वास नाही?”

आता यावर काय बोलणार, सांगा! फाइल कापडी पिशवीत घातली, तोंड बांधून लाखेची मोहोर मारली आणि पिशवी छोट्याच्या हाती दिली. तो साहेबांच्या मागोमाग गाडीकडे गेला. बुधवारी सकाळी पिशवी परत आली. मी पानं मोजली, सगळी होती. फाइल कपाटात गेली.

शुक्रवारी साहेब आले. चहा झाला, गुडघा झाला, सह्या झाल्या. ते गेल्यावर बघते तर दहा ओळी आणि नऊच सह्या. यादीच्या फाइलची ओळ तेवढी कोरी. राहिली असेल घाईत, म्हटलं, पुढच्या शुक्रवारी घेऊ. माझी मेलीची अक्कल!

रविवारी पेपरात त्या यादीच्या एका पानाचा फोटो आला. पेपरवाल्यांनी नावांवर काळं फासलं होतं, पण त्याआधी तो फोटो कुठे कुठे फिरला होता कोण जाणे. दोन दिवसांत तिकडे आपली दोन माणसं पकडली गेली. त्यांचं पुढे काय झालं ते मला कोणी सांगितलं नाही, मीही विचारायला धजले नाही.

रविवारी सकाळीच छोट्याचा फोन आला होता. “ताई, पेपर बघितलास? त्या पानाखाली निळ्या चौकटींचं कापड दिसतंय ना, ते साहेबांच्या जेवणाच्या टेबलावरचं आहे. मंगळवारी त्यांच्याकडे पाहुणे होते जेवायला. मीच सोडलं सगळ्यांना घरी.” म्हणजे मित्रमंडळींपुढे मिरवायला साहेबांनी फाइल उघडली होती, आणि कोणीतरी मोबाइल काढला होता.

चौकशी बसली. चौकशी अधिकारी एक बाई होत्या, कडक पण सरळ वाटल्या. साहेबांना बोलावलंच नाही. मोठ्या माणसांचं लेखी उत्तर चालतं. उत्तर दोन ओळींचं. ‘ही फाइल मी मागवली नाही, नेली नाही. रजिस्टरमध्ये माझी सही नाही.’

मी शुक्रवारच्या रिवाजाचं सगळं सांगितलं.

“म्हणजे अकरा वर्षं तुम्ही सहीशिवाय फायली देत होतात?” बाईंनी विचारलं.

“हो.”

“हे कोणाला माहीत होतं?”

“सगळ्या इमारतीला!”

पण इमारतीने कानांवर हात ठेवले. ज्यांनी माझ्या टेबलावर साहेबांबरोबर चहा ढोसला होता, त्यांनाही शुक्रवार म्हणून काही असतो हे आठवेना. त्यातच बाईंच्या बोलण्यातून मला कळलं की पेपरवाल्यांनी गुरुवारीच साहेबांच्या कार्यालयाला फोटोबद्दल विचारलं होतं. गुरुवारी! म्हणजे शुक्रवारी माझ्यासमोर बसून, गुडघ्याची चौकशी करत, या माणसाने ती एक ओळ जाणूनबुजून सोडली होती. केसाने गळा कापला माझा. त्या दिवशी घरी येऊन मी इतकी रडले की नवरा घाबरला.

छोट्याच्या साक्षीच्या आदल्या दिवशी साहेबांच्या सचिवांनी मला बोलावलं. गोड बोलून खुर्ची दिली, चहा मागवला आणि टाइप केलेला एक कागद पुढे सरकवला. ‘पिशवी मी ड्रायव्हरच्या हाती दिली. पुढे त्याने ती कुठे नेली याची मला माहिती नाही.’

“यात एक अक्षर तरी खोटं आहे का, ताई?” सचिव म्हणाले. “सही करा, समज देऊन सोडतील. नाही केलीत तर तुरुंगाची तयारी ठेवा.”

खोटं नव्हतंच. पिशवी मी त्याच्याच हाती दिली होती. घाबरलेही होते, खोटं कशाला बोलू? पेन उचललंही. मग डोकं असं फिरलं! “माझ्या पोटच्या पोरासारखा आहे तो,” म्हटलं. “त्याला अडकवून मी सुटू? साहेबांना सांगा, कोपरापासून नमस्कार तुम्हाला.” कागदाचे चार तुकडे केले आणि चहा तसाच सोडून उठले.

नवरा म्हणाला, छोट्याला फोन करून सावध कर. मी केला नाही. उगाच पोटात गोळा येईल त्याच्या. उद्या येईल, त्या टेबलावरच्या कापडाचं सांगेल, मग बघू साहेब काय लेखी देतात ते. कित्येक दिवसांनी पोटभर जेवले मी.

दुसऱ्या दिवशी छोट्या इस्त्रीचा शर्ट घालून आला. माझ्याकडे बघेना. घाबरलाय, म्हटलं. बाईंनी त्याचा कागद वाचायला घेतला. त्याचा जबाब सचिवांकडे टाइप होऊन आला होता, खाली त्याची सही, तारीख सचिवांनी मला बोलावलं त्याच्या आदल्या दिवसाची. म्हणजे मला चहा पाजला त्याच्याआधीच तो चहा पिऊन गेला होता.

‘मंगळवारी पिशवी बहिणीने माझ्याकडे दिली. साहेब गाडीत नव्हते. बहिणीच्या सांगण्यावरून मी पिशवी तिच्या घरी पोचवली.’

मला आधी कळलंच नाही कोणाच्या बहिणीबद्दल चाललंय. मग कळलं.

“साक्षीदाराला काही विचारायचंय?” बाईंनी मला विचारलं.

म्हटलं, खोटं बोलतोय ना, आता पकडते. “छोट्या, माझ्याकडे बघ. माझ्या घरी आणलीस ना पिशवी? मग कुठे ठेवलीस ते सांग या बाईंना.”

त्याने मान वर केली नाही, पण अडखळलाही नाही. “स्वयंपाकघरात. वरच्या फळीवर, पिठाच्या डब्यामागे. तू महत्त्वाचं सगळं तिथेच ठेवतेस.”

बाईंनी ते लिहून घेतलं. “बरोबर आहे?” त्यांनी मला विचारलं. “तुम्ही तिथेच ठेवता?”

घराचे कागद, आईच्या बांगड्या, छोट्याचा जन्मदाखला, सगळं तिथेच असतं. माझ्या नवऱ्याखेरीज हे फक्त छोट्यालाच माहीत आहे.

“हो,” मी म्हटलं. “तिथेच ठेवते.”