एकशे एक मुऱ्या

मी एक हातजाळी. मला जाळे म्हणू नका, तो अवमान आहे. जाळे मासे धरून ठेवते. मी त्यांना मोजण्यापुरते थांबवते आणि पुन्हा पाण्यात पोहोचवते.

माझा जन्म शिरपुरात, चुडामण शिंप्याच्या दुकानी झाला. लोखंडी कडे आणि वेळूचा दांडा तयार होता. झोळी तेवढी शिवायची होती. चुडामण जन्मभर झंपर शिवत आलेला. हाताच्या सवयीने त्याने माझ्याही काठाला गुलाबी लेस लावली. अनेर नदीवर वनाआबांनी मला प्रथम पाहिले आणि विचारले, "हाऊ परकर कोना शे?"

वनाआबा तिथले जुने मासेमार. माझी मालकीण ऋतिका पुण्याची. नदीतले मासे, गोगलगायी आणि दगडांखालच्या अळ्या यांवर प्रबंध लिहायला आलेली. पहिल्याच दिवशी तिच्या पोटरीला जळू चिकटली. तेव्हापासून आबा पाण्यात आणि ऋतिका काठावरच्या खडकावर, मांडीवर वही घेऊन, अशी श्रमविभागणी ठरली. आबा बोटे दाखवत, ती आकडा लिही.

एके सकाळी मात्र आबांच्या एका हातात मी होते आणि दुसऱ्या हातात सुटू पाहणारे धोतर. बोटे दाखवणार कुठून? माझ्यात एक मुरी आली होती. मुरी म्हणजे वाळूत दडणारा बोटाएवढा मासा.

"आबा, मुऱ्या किती?"

"एक शे."

खानदेशात 'शे' म्हणजे 'आहे'. पुण्याच्या कानाला ते कसे कळावे? ऋतिका लेखणी उचलून थांबली.

"एकशे किती?"

"एक!" आबा वैतागून ओरडले.

तिने लिहिले: १०१.

माझ्या तोंडाचा घेर हातभर, पण त्यातून शब्द फुटत नाही. पोटातली मुरी तेवढी चकित होऊन इकडेतिकडे पाहत होती. इतर शंभरजणी कुठे आहेत, हे तिलाही कळेना.

आठवड्याने मार्गदर्शिका सुलक्षणाबाईंनी वही वाचली. "एका फेरीत एकशे एक? ऋतिका, हा नमुना आहे की लग्नातला आहेर?" मग त्यांचा स्वर उतरला. "हा आकडा मनचा निघाला, तर वर्षाची सारी वही बाद करावी लागेल."

ऋतिकेचे डोळे भरले. दुसऱ्या दिवशी दोघी अनेरवर आल्या.

"आबा, त्या दिवशी मुऱ्या किती होत्या?"

"एकच व्हती. मी तं सांगं व्हतं, एक शे!"

सुलक्षणाबाई मूळच्या धरणगावच्या. त्या खडकावर बसल्या आणि पदर तोंडाला लावून हसू लागल्या. "अगं, ही माझ्या माहेरची भाषा! बाकीचे आकडे बोटांचे आहेत, ते राहू दे. हा डोह मात्र तू स्वतः पाण्यात उतरून मोज."

"मॅडम, जळवा..."

"त्याही मोज."

ऋतिका उतरली. दोनदा किंचाळली, पण मला सोडले नाही. वाळू निथळल्यावर तिने माझ्या पोटात डोकावले आणि काठाकडे पाहून हाक दिली, "एक शे!"

बाईंनी वहीत लिहिले: १. मुरी बहुधा तीच असावी; लेसमुळे तिने मला ओळखलेले दिसले.

प्रबंध पूर्ण झाला. आता मी आबांच्या खुंटीवर असते. लेस अर्धी उसवली आहे. नदी मोजायला याल, तर मला घेऊन पाण्यात उतरा. आणि लिहिताना 'एक' व 'शे' यांच्यामध्ये बोटभर जागा सोडा. एका मुरीला तेवढी पुरते.