निळ्या पडद्याचा कोप

भातकुलीच्या वाचनालयातील सेवा केंद्रात त्या दुपारी उभे राहायला जागा नव्हती. पीकविम्याचे अर्ज भरायला आलेली मंडळी अर्ज विसरून मंत्र-तोडगे करणाऱ्या नत्थुजी महाराजांकडे पाहत होती. संगणक पुन्हा बंद पडला होता. निळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे आणि प्रत्येक वेळचा तोच सांकेतिक क्रमांक.

"हा आकडा कोपाचा हाये," महाराज म्हणाले. "दसऱ्याच्या यंत्रपूजेले कोनं हात जोडले नाई? आन् निळा रंग कोनाचा, हे मीच सांगू काय?"

नजरा दीक्षाकडे वळल्या. केंद्र तीच चालवीत असे. बौद्ध घरातली ही मुलगी पूजेच्या वेळी बाजूला उभी राहिली होती.

महाराजांनी यंत्र बंद करविले, बराच वेळ मंत्र पुटपुटले, मग चालू करविले. ते चालले. लोकांनी हात जोडले. ते मंत्र म्हणजे लग्नातल्या मंगलाष्टकांचे तुकडे होते, हे त्या पुटपुटण्यातही वामनरावांनी ओळखले. ते निवृत्त संस्कृत शिक्षक, वाचनालयाचे अध्यक्ष. तरी ते गप्प राहिले आणि लोकांच्या आग्रहाखातर दीक्षाला म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस, बेटा."

"सर, संस्कृत तुमीच शिकवलं मले," ती म्हणाली. "तो मंत्र कोनता होता?"

वामनरावांनी केंद्राच्या किल्लीसाठी हात पुढे केला.

दुसऱ्या दिवशी यंत्र पुन्हा निळे झाले. वामनरावांनी अमरावतीहून आपल्या मुलीला, रश्मीला, बोलावले. ती महाविद्यालयात संगणक शिकवीत असे.

"बाबा, यंत्राला काही चुकतंय असं कळलं की ते स्वतःच थांबतं. आकडा फक्त कुठे शोधायचं ते सांगतो. हा मेमरीचा आहे." तिने पेटी उघडून मेमरीची पट्टी काढली. पट्टीच्या धातूच्या दातांवर लाल खपली होती. "हे कुंकू. वर पाणीही पडलंय. कोणी शिंपडलं?"

"मीच," वामनराव म्हणाले. दसऱ्याला झाकण काढून, भक्तिभावाने, त्यांनीच शिंपडले होते.

"मग महाराजांच्या मंत्रानं कसं चाललं?"

"थंड झालं की चालतं, तापलं की खपलीमुळे पट्टीचा संपर्क सुटतो. महाराजांनी वेळ काढला, एवढंच."

तिने पट्टी तशीच बसविली, यंत्र बंद ठेवले आणि दोघांनी चहा घेतला. चालू केल्यावर यंत्र मंत्राविना चालले, तापल्यावर निळे झाले. मग पट्टी स्वच्छ पुसून बसविली. संध्याकाळपर्यंत ते अखंड चालले.

वामनराव दीक्षाच्या घरी गेले.

"येईन सर," ती म्हणाली. "पन ज्यांच्यापुढं काढलं, त्यांच्यापुढंच बोलवा."

सकाळी त्याच गर्दीसमोर त्यांनी कुंकू पुसलेले लाल फडके दाखविले आणि सारे सांगितले.

"यंत्र थांबले तर कारण शोधा, माणूस शोधू नका. मंत्र ऐकलात तर अर्थ विचारा. मला अर्थ ठाऊक होता. महाराजांची फसवणूक माझ्या मौनावर चालली."

मग त्यांनी दीक्षाची खुर्ची स्वतः पुढे ओढली. ती बसली, आणि तिने पहिला अर्ज मागितला.