मुरमावरचा माग

दोर मधोमध साधारण नऊ इंच लोंबत होता. वीस फुटांचा सुती दोर, एक टोक कुत्र्याच्या छातीपट्ट्याला, दुसरं गुणाजीच्या मुठीत. पद्मजाबाई तीस पावलं मागून, जरा डाव्या अंगाने चालत होत्या. त्यांचं लक्ष कुत्र्यापेक्षा त्या लोंबत्या भागाकडेच होतं. वळण आलं. कुत्र्याचं नाक अजून सरळ होतं. तेवढ्यात दोर ताठ झाला, आणि मग नाक वळलं.

आधी नाक, मग दोर, असं व्हायला हवं. इथे उलटं झालं होतं. मधलं अंतर दीड सेकंदाचं, फार तर दोन.

त्यांनी वहीत काही लिहिलं नाही. लिहून झालं होतं, गेल्याच वर्षी.

१९५६च्या जानेवारीतली सकाळ होती. अंधेरीच्या पूर्वेला, मरोळच्या पुढच्या माळावर श्वानमंडळाची मागाची परीक्षा चालली होती. पहाटे एक माणूस नकाशाप्रमाणे माळावरून चालत जायचा, शेवटी रुमाल टाकून लांबून वळसा घालून परतायचा. तासाभराने कुत्र्याने निव्वळ वासावर तो रुमाल शोधायचा. कुत्रा पुढे, धनी मागे. धन्याने बोलायचं नाही, दोराने खुणावायचं नाही. नकाशा फक्त परीक्षकाच्या हातात. पद्मजाबाई कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या आणि वाकोल्याला भावाकडे राहायच्या. त्यांचं मोजमाप चोख, म्हणून मंडळाने गळ घालून त्यांना परीक्षक केलं होतं.

गुणाजी अंधेरीतल्या एका बंगल्यावर रखवालदार होता, मूळचा सावंतवाडीकडचा. हा अल्सेशियन कुत्रा बंगल्याच्या साहेबांचा. साहेबांनी ठेवलेलं विलायती नाव आता साहेबांनाही आठवत नसे. गुणाजी भैरू म्हणायचा, म्हणून तो भैरू. दहा वर्षांचा झाला होता. तोंडाभोवतीचे केस पांढरे पडले होते.

सकाळी चहाच्या वेळी गुणाजी म्हणाला होता, "बाईनू, सायब म्हणतत, औंदा भैरू पास झालो तर ऱ्हवांदे. नायतर डाक्टराक बोलवन मरणाची सुई देवया."

"असं म्हणाले?"

"म्हाताऱ्याक कोण पोसतलो, म्हणतत. माझा तोंड बघून बोलले, तां बरा." आणि तो हसला होता.

गेल्या वर्षी याच माळावर, दुसऱ्या वळणाला, दोर असाच आधी ताठला होता. पद्मजाबाईंनी ते वहीत टिपलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढायचा नाही, हे त्या विद्यार्थ्यांना दरवर्षी बजावत. तेच त्यांनी स्वतःला बजावलं, आणि कुत्रा पास केला. गुणाजीने छातीपट्टा सोडून भैरूच्या कपाळावर कपाळ टेकवलं होतं. ते पाहिल्यावर प्रश्नचिन्ह बरंच सोयीचं वाटलं होतं, हेही त्यांना ठाऊक होतं.

पास झालेल्या कुत्र्यांची नावं मंडळ पोलीस चौकीला कळवत असे. फाल्गुनात दिंडोशीची जानकीबाई, भ्रम झालेली म्हातारी, घरातून निघून टेकडीकडे गेली. भैरूला बोलावणं गेलं. टेकडीवर सगळा उघडा कातळ. भैरू दिवसभर पश्चिमेच्या उतारावर हिंडला आणि त्याच्यामागे वीस माणसं हिंडली. कुत्रा तिकडे जातोय म्हटल्यावर पूर्वेला कुणी फिरकलंच नाही. म्हातारी तिसऱ्या दिवशी पूर्वेच्या ओढ्यात सापडली. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत जीव असावा, असं डॉक्टर म्हणाले.

तिचा मुलगा सहदेव. दुधाच्या गोठ्यावर कामाला होता. आई गेल्यावर तो आपण होऊन मंडळात आला. "त्या मुक्या जनावरानं माझ्या आईसाठी पाय सोलवटून घेतले," तो सांगायचा, "मी काय करू शकतो तुमच्यासाठी?" तेव्हापासून पहाटे माग घालायचं काम तो करी. आजचा मागही त्याच्याच पावलांचा होता.

दोर आधी का ताठतो, ते पद्मजाबाईंना आता कळलं होतं. गुणाजीनेच कधीतरी सहज सांगितलं होतं: गावाकडे चुकलेली गुरं तो दवावरून शोधायचा. दवातून कुणी गेलं की गवत काळपट दिसतं, आणि ऊन चढेपर्यंत तसंच राहतं. त्याची नजर ते वाचत होती आणि मनगट नजरेच्या मागे जात होतं. त्याचा त्यालाही पत्ता नव्हता. भैरू मनगटाच्या मागे जात होता. कातळावर दव दिसत नाही.

म्हणून यंदा नकाशा काढताना त्यांनी माग चाळीस पावलं उघड्या मुरमावरून नेला होता.

मुरूम आला. दोर खाली लोळला. भैरू थांबला, एक गिरकी घेतली, दुसरी घेतली, नाक जमिनीला लावलं आणि उचललं. मग तो खाली बसला आणि मान वळवून गुणाजीच्या तोंडाकडे पाहू लागला. शेपूट दोनदा जमिनीवर आपटली. पद्मजाबाई घड्याळ बघत होत्या. चार मिनिटं गेली. गुणाजी उभा होता, डोळे दूरवर लावून. एकाएकी त्याची मान किंचित डावीकडे झाली, दोर उचलला गेला, भैरू उठला. पलीकडच्या गवतात शिरल्यावर रुमाल सापडायला अर्धं मिनिटही लागलं नाही.

कडेला उभ्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. सहदेव पाण्याची कासंडी घेऊन धावत आला आणि भैरूपुढे बसला. "पी रे राजा. दमलास ना?"

परीक्षकाने निकाल मैदानातच, सगळ्यांसमोर, तोंडाने सांगायचा असा मंडळाचा रिवाज होता. तोवर छातीपट्टा सोडायचा नाही. गुणाजी बकलावर बोट ठेवून वाट पाहत होता.

मंडळाचे चिटणीस श्यामकांत जवळ आले. "बाई, बोला ना. रुमाल मिळाला, वेळेत मिळाला. आणखी काय हवं?"

पद्मजाबाई वही मिटून गुणाजीजवळ गेल्या.

"गुणाजी, मुरमावर तुम्ही काय बघत होतात?"

"मी? कायेक नाय." तो जरा आठवू लागला. "पलीकडचा गवात बघी होतंय. डाव्या अंगाक दव मोडलेला दिसला."

"मग?"

"मग..." त्याने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. दोराचा वेढा अजून मनगटाला होता. तो त्याने हळूच सोडला, जणू दुसऱ्याचा हात सोडवत असावा.

"डोंगरार..." तो पुटपुटला. "डोंगरार माका कायेक दिसा नाय होता, बाईनू."

"माहीत आहे."

"बाई, अहो म्हातारा झालाय," श्यामकांत खालच्या आवाजात म्हणाले. "यंदा शेवटचंच. चौकीला नाव कळवायचं नाही म्हणजे झालं. कुणाचं काय बिघडतं?"

सहदेवने मान वर केली. त्याचा हात भैरूच्या मानेवर होता. "काय झालं बाई? माझं पाऊल चुकलं का कुठे? मी नकाशाप्रमाणेच गेलो हो."

"तुमचं काही चुकलं नाही," पद्मजाबाई म्हणाल्या. मग त्यांनी आवाज चढवला, कडेच्या माणसांनाही जाईल असा.

"भैरू नापास आहे. गेल्या वर्षीही नापास होता. मला तेव्हाच दिसलं होतं, सहदेव, आणि मी बोलले नाही."